भांड्याची राखण कोणाकडे?

कोल्हापूरहून रत्नागिरीच्या रस्त्याला लागले की पन्हाळ्याचा डोंगर मागे पडतो आणि आंबा घाटाच्या अलीकडे मलकापूर येते. महाराष्ट्रात मलकापूर नावाची गावे अनेक. एक बुलढाणा जिल्ह्यात रेल्वेमार्गावर, एक कराडला चिकटून. हे शाहूवाडी तालुक्यातले. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी विशाळगडाची मोडतोड केली आणि पंतप्रतिनिधींचे ठाणे गडावरून खाली मलकापुरात आले. तेव्हापासून हे जहागिरीचे गाव, पुढे नगरपरिषदेचे गाव, आणि आता कोकणात जाणाऱ्यांचा वाटेवरचा थांबा.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही मोठ्या रस्त्याने जा, एक पाटी हमखास दिसते: ‘चुलीवरचे मटण’. शहरातला माणूस गाडी थांबवतो आणि धुराच्या वासासाठी चार पैसे जास्त मोजतो. पण मलकापूरसारख्या गावातली बाई भांड्यांच्या दुकानात चूल मागत नाही. ती गॅस मागते, शेगडी मागते, आणि गेल्या काही वर्षांत विजेवरच्या प्रेशर कुकरचीही चौकशी करते. बाहेर चूल विकली जाते आणि घरात ती नकोशी झाली आहे. हा विरोधाभास समजून घ्यायचा असेल तर या भांड्याचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागतो.

कुकरचा इतिहास सहसा शोध लावणाऱ्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणी झाकण शोधले, कोणी शिट्टी, कोणी बटण. मला त्यात दुसरा एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो. अन्न शिजत असताना भांड्याजवळ कोण बसलेले असते? भांड्याची राखण कोणाकडे असते?

कणकेचे झाकण

भांड्याचे तोंड घट्ट बंद करून वाफ आत कोंडायची, ही कल्पना प्रेशर कुकरपेक्षा फार जुनी आहे. इ.स. १२२६ मध्ये बगदादमध्ये मुहम्मद बिन हसन अल-बगदादी यांनी ‘किताब अल-तबीख’ हे पाककृतींचे पुस्तक लिहिले. त्यात हरीसा आहे. मांस आणि गहू एकजीव होईपर्यंत तासन्‌तास शिजवायचा, घोटायचा पदार्थ. आपल्याकडचा हलीम आणि मोहरमचा खिचडा याच घराण्यातले.

अबुल फजल यांनी सोळाव्या शतकाच्या शेवटी ‘आईन-इ-अकबरी’ लिहिली. तिच्यात शाही मुदपाकखान्यातल्या पदार्थांची यादी मापांसकट दिलेली आहे. हरीशाला दहा शेर मांस आणि पाच शेर गहू. त्याच यादीत हलीम आहे आणि दमपुख्तही आहे. दम म्हणजे श्वास, वाफ. पुख्त म्हणजे शिजलेले. दमपुख्तचा जन्म १७८४ च्या दुष्काळात, लखनौचा मोठा इमामबाडा बांधणाऱ्या मजुरांसाठी चढवलेल्या देगांमध्ये झाला, अशी कहाणी हॉटेलांच्या मेनूकार्डांवर छापलेली असते. कहाणी गोड आहे, पण नवाब आसफउद्दौला यांच्या आधी जवळपास दोनशे वर्षे हा शब्द अकबराच्या स्वयंपाकघरात नोंदवला गेला होता.

दमाची रीत आपल्याला माहीत आहे. देगेचे तोंड कणकेने लिंपायचे, खाली मंद निखारे, झाकणावर थोडे निखारे. कणीक वाफ पूर्ण अडवू शकत नाही. दाब वाढला की ती तडकते आणि वाफ वाट काढते. म्हणून देगेत उष्णता पाण्याच्या उकळबिंदूच्या फारशी वर जात नाही. वेळ मात्र लागतो, आणि त्या वेळात कोणीतरी जागे असावे लागते. निखारा फुलला तर तळ करपतो, विझला तर मांस कच्चे राहते. झाकण उघडून पाहता येत नाही, म्हणून वासावरून आणि आवाजावरून ओळखायचे. शाही खान्यात यासाठी पगारी माणसे होती. घरात बिनपगारी होत्या.

दख्खनच्या गावांमध्ये मोहरमच्या दिवसांत खिचडा शिजतो. गहू, डाळी आणि मांस एकत्र शिजवून जाड घोटणीने घोटत राहायचे. मोहल्ल्याच्या मोठ्या हंड्याजवळ पुरुष पाळ्या लावून उभे राहतात, त्यात उत्साह असतो, गप्पा असतात. घरातल्या लहान हंडीजवळ मात्र पाळ्या नसतात. तिथे एकच बाई असते. मोठ्या हंड्याची आठवण सगळे काढतात, लहान हंडीची कोणी काढत नाही.

हाडे मऊ करणारे यंत्र

दाब अडवून धरणारे पहिले भांडे १६७९ साली लंडनमध्ये तयार झाले. आपल्या इतिहासात बसवून पाहायचे तर पावनखिंडीची लढाई होऊन एकोणीस वर्षे झाली होती आणि शिवाजी महाराज हयात होते. भांडे करणाऱ्याचे नाव डेनिस पॅपँ. जन्माने फ्रेंच, धर्माने प्रोटेस्टंट, म्हणजे त्या काळच्या फ्रान्समध्ये अल्पसंख्याक. पॅरिसमध्ये त्याने हायगेन्सच्या हाताखाली काम केले होते आणि लंडनमध्ये रॉबर्ट बॉइलबरोबर.

त्याच्या भांड्याचे नाव ‘डायजेस्टर’, म्हणजे पचवणारे. जाड धातूचे भांडे, स्क्रूने आवळलेले झाकण, आणि दाब मर्यादेबाहेर गेला तर उचलली जाणारी, वजन लावलेली झडप. आज आपल्या कुकरवर जे वजन डोलते, त्याचे हे मूळ. पॅपँने १६८१ साली या यंत्रावर पुस्तक लिहिले. त्यात भर होता हाडांवर. टाकून दिली जाणारी हाडे या भांड्यात मऊ होतात, त्यांतला रस निघतो, आणि गरिबाला स्वस्तात पोषण मिळू शकते, असे त्याचे म्हणणे होते. १२ एप्रिल १६८२ रोजी रॉयल सोसायटीच्या सभासदांनी या यंत्रात शिजवलेले जेवण घेतले. जॉन एव्हलिन यांनी ते रोजनिशीत लिहून ठेवले आहे.

१६८५ साली फ्रान्सच्या राजाने प्रोटेस्टंटांना संरक्षण देणारा नांतचा फर्मान रद्द केला आणि पॅपँला मायदेशी परतायची वाट बंद झाली. पुढे तो जर्मनीत मारबुर्गला प्राध्यापक झाला, शेवटी पुन्हा लंडनला आला आणि गरिबीत विस्मृतीत गेला. गरिबांसाठी भांडे करणाऱ्याची ही अखेर.

पॅपँचे म्हणणे आपल्या घरांना नवीन नाही. पाया म्हणजे दुसरे काय? बकऱ्याचे पाय, मटणाच्या तुलनेत स्वस्त, रात्रभर मंद आचेवर ठेवायचे आणि सकाळी चिकट रस्सा नानबरोबर खायचा. हाडाभोवतीच्या चिवट भागात कोलॅजन असते. दीर्घकाळ ओली उष्णता मिळाली की त्याचे जिलेटीन होते, आणि थंड झाल्यावर रस्सा थिजतो तो त्यामुळेच. चुलीवर हे काम आठ-दहा तासांचे. दाबाखाली ते तासा-दीड तासावर येते. पॅपँने नेमके हेच दाखवले होते.

शिट्ट्या मोजणारे कान

पॅपँच्या भांड्याला घरात यायला अडीचशे वर्षे लागली. अमेरिकेत १९३९ च्या जागतिक मेळ्यात ‘प्रेस्टो’ कुकर मांडला गेला आणि नंतर तो घरोघरी गेला. भारतात त्याआधी कुकर हा शब्द आला तो वेगळ्या भांड्यासाठी. १९१० च्या सुमारास कोलकात्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी ‘इकमिक कुकर’ तयार केला. खाली कोळशाची शेगडी, वर एकावर एक डबे, आणि वाफेवर भात-डाळ-भाजी एकदम तयार. त्यात दाब नव्हता. खोली घेऊन एकट्याने राहणारे विद्यार्थी आणि नोकरदार तो वापरत. म्हणजे ज्या पुरुषाच्या घरी राखण करायला बाई नव्हती, त्याच्यासाठी आधी यंत्र आले!

खरा प्रेशर कुकर भारतात रुजला तो १९५९ नंतर. त्या सुमारास हॉकिन्स आणि प्रेस्टिज या दोन्ही नावांनी इंग्लंडमधल्या कंपन्यांच्या सहकार्याने इथे उत्पादन सुरू केले. हॉकिन्सचा एक कारखाना आपल्या ठाण्यातच आहे. हळूहळू कुकर लग्नाच्या रुखवतात आणि जहेजच्या सामानात येऊन बसला.

शास्त्र सोपे आहे. मोकळ्या भांड्यात पाणी शंभर अंशांना उकळते. कोल्हापूरचा भाग समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, त्यामुळे इथे ते अठ्ठ्याण्णवलाच उकळते. शिट्टीच्या कुकरमध्ये बाहेरच्या हवेइतकाच आणखी दाब साठतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास पोहोचते. त्या वीस-बावीस अंशांत तुरीची डाळ दीड तासाऐवजी पंधरा-वीस मिनिटांत मऊ होते. कोल्हापुरी स्वयंपाकात तर कुकरने आपली जागाच ठरवून घेतली आहे. मटण आधी कुकरला लावून अळणी काढायचे, मग त्याच पाण्यातून एकीकडे तांबडा आणि एकीकडे पांढरा.

या कुकरने वेळ वाचवला आणि जळण वाचवले. राखण मात्र संपली नाही. ती डोळ्यांकडून कानांकडे गेली, एवढेच. बाई दुसऱ्या खोलीत असली तरी तिचे कान गॅसपाशी. मटणाला सहा, डाळीला तीन, भाताला दोन. तिसरी झाली की चौथी? कोणी हाक मारली, मूल रडले, दारात कोणी आले की मोजणी चुकली. अनेक घरांत आजही बाहेर जाताना बाई सांगून जाते, “पाच झाल्या की बंद कर हं.” आणि ज्याला सांगितले तो सहावीला मान वर करतो.

फुमिको मिनामी यांच्या नोंदी

राखण यंत्राकडे गेली ती जपानमध्ये. डिसेंबर १९५५ मध्ये तोशिबा कंपनीने भात शिजला की आपोआप बंद होणारा विजेचा कुकर बाजारात आणला. तो तयार केला होता योशितादा मिनामी या छोट्या कारखानदाराने. युक्ती अशी: बाहेरच्या भांड्यात मोजून पाणी घालायचे. ते आटेपर्यंत उष्णता शंभर अंशांवर थांबते. आटले की उष्णता एकदम चढते आणि तापल्यावर वाकणारी दुहेरी धातूची पट्टी वीज तोडते.

पण किती पाणी, किती वेळ, थंडीत काय, उन्हात काय, हे कोणी ठरवले? मिनामी यांच्या पत्नी फुमिको यांनी. त्यांनी पुन्हा पुन्हा भात शिजवून तापमानाच्या नोंदी ठेवल्या. म्हणजे बायकांची राखण संपवणाऱ्या यंत्रासाठी आधी एका बाईलाच बराच काळ भांड्याची राखण करावी लागली. कुकरच्या इतिहासात त्यांचे नाव नवऱ्याच्या नावाशेजारी लिहिले जायला हवे.

या विजेच्या कुकरमध्ये दाब नव्हता. विजेवरच्या प्रेशर कुकरचे पेटंट १९९१ साली चीनच्या योंग-ग्वांग वांग यांनी मागितले. आत दाब वाढला की भांडे किंचित खाली दबते, खालचा स्विच सुटतो आणि वीज बंद होते. दाब उतरला की पुन्हा चालू. पुढे त्यात तापमान मोजणारे सेन्सर, वेळ लावायचे घड्याळ आणि छोटा संगणकीय मेंदू आला. २०१० मध्ये कॅनडात ‘इन्स्टंट पॉट’ आला आणि त्यानंतर हे भांडे जगभर ओळखीचे झाले. परदेशात गेलेल्या मराठी घरांतही ते वरण-भातासाठी, मटणासाठी आणि विरजण लावण्यासाठी वापरले जाते.

वीज आली, पण कोणासाठी?

मलकापूरच्या स्वयंपाकघरात असे भांडे यायला आधी वीज यायला हवी होती. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० चे. शेजारच्या सातारा जिल्ह्यात कोयना धरण झाले आणि १९६२ पासून वीज तयार होऊ लागली. तिचा मोठा वाटा मुंबईकडे गेला. आपल्या डोंगरातले पाणी, आपल्या डोंगरातली वीज, आणि डोंगरातल्या घरात मात्र चूल. गावात वीज आली तेव्हा आधी दिवा लागला, मग पिठाची गिरणी चालू झाली, मग शेतातला पंप. स्वयंपाकघरात ती सर्वांत शेवटी शिरली. आली तरी भरवसा नव्हता. जून २००५ मध्ये वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण झाले, त्या वर्षांत ग्रामीण भागात दिवसाचे दहा-बारा तासही भारनियमन चाले. अशा घरात विजेवर जेवण शिजवायचे कोणाच्या मनात येणार?

आता परिस्थिती बरी आहे, पण शाहूवाडीचा पाऊस आहे तोच. आषाढात आंब्याकडून पाऊस सुरू झाला की फांद्या तारांवर पडतात आणि वीज जाते. म्हणून या भागात विजेचा कुकर एकटा पुरत नाही. गॅस लागतोच. पूर्वी पावसाळ्याआधी जळण आणि शेणी कोरड्या जागी रचून ठेवणे हे बाईचे मोठे काम होते. ओल्या जळणाचा धूर ज्यांनी सोसला आहे, त्यांना विजेच्या बटणाचे मोल सांगावे लागत नाही.

मध्येच वीज गेली तर घाबरायचे कारण नाही. झाकण लगेच उघडायचे नाही. भांडे गरम असते, आतला दाब हळूहळू उतरतो आणि शिजणे काही वेळ चालूच राहते. वीज परत आली की काही कुकर उरलेला वेळ पुढे मोजतात, काही सुरुवातीपासून लावावे लागतात. घेताना हे विचारून घ्यावे. घरात अर्थिंग नीट असावे. डाळ आणि तांदूळ फुगतात, म्हणून भांडे अर्ध्याच्या वर भरू नये. झाकणावरची पिन खाली बसल्याशिवाय जोर लावून झाकण फिरवू नये.

दाबाचा फरकही लक्षात ठेवावा. विजेच्या बहुतेक कुकरमध्ये दाब शिट्टीच्या कुकरपेक्षा कमी असतो, उष्णता ११५ अंशांच्या आसपास. त्यामुळे तेच मटण शिजायला थोडा जास्त वेळ लागतो. शिवाय दाब तयार व्हायला दहा-पंधरा मिनिटे जातात. घड्याळावर पाहिले तर वेळ फारसा वाचत नाही. वाचते ते लक्ष. वेळ लावली की भांडे स्वतःच थांबते आणि जेवण गरम ठेवते. या सातशे-आठशे वर्षांच्या गोष्टीत प्रथमच भांड्याजवळ कोणी बसले नाही तरी चालते.

रमजानमध्ये याचा अर्थ नीट कळतो. सहरीला सगळे घर पहाटे उठते, पण बाई त्याच्याही आधी तासभर. रात्री तरावीह, मग आवराआवर, आणि झोप लागते न लागते तोच चूल. विजेच्या कुकरमध्ये रात्री तांदूळ आणि डाळ भिजवून वेळ लावून ठेवली तर पहाटे खिचडी तयार असते. तासभराची झोप ही छोटी गोष्ट वाटेल. तीस दिवसांचे तीस तास होतात. मटण किंवा दूध मात्र असे रात्रभर कुकरमध्ये बाहेर ठेवू नये, ते नासते.

चवीचे काय?

चुलीवरची चव वेगळी असते हे खरे आहे. तिचे कारणही आहे. कांदा, मसाला आणि मांस लालसर होताना जो खमंगपणा येतो, त्याला दीडशे अंशांच्या जवळची कोरडी उष्णता लागते. बंद कुकरमध्ये पाणी असते, तिथे ती मिळत नाही. म्हणून विजेच्या कुकरमध्येही आधी झाकण उघडे ठेवून मसाला तेल सुटेपर्यंत परतायचा आणि मग झाकण लावायचे. धुराचा वास मात्र त्यात येणार नाही.

पण त्या धुराची किंमत कोणी दिली? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे गेली. त्यात चुलीपाशी तास घालवणाऱ्या बाया आणि त्यांच्या कडेवरची मुले मोठ्या संख्येने आहेत. ‘चुलीवरचे मटण’ खाणारा माणूस अर्ध्या तासात उठून जातो. फुंकणी हातात धरलेली बाई तिथेच राहते.

तरी यंत्र आले म्हणजे प्रश्न सुटला, असेही मी म्हणणार नाही. अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ साली घरगुती यंत्रांच्या इतिहासावर पुस्तक लिहिले. यंत्रांनी घरातल्या पुरुषांची आणि मुलांची कामे कमी केली, बाईची मात्र तेवढीच राहिली किंवा वाढली, असा त्यांचा निष्कर्ष होता. पूर्वी लाकूड फोडणे पुरुषाकडे होते. शेगडी आली, ते काम गेले. स्वयंपाक जिथे होता तिथेच राहिला. आपल्याकडेही तसेच होऊ शकते. कुकर स्वतः बंद होतो म्हटल्यावर “मग एक भाजी वाढव की” असे म्हणायला वेळ लागत नाही. वाचलेला तास बाईला मिळाला, की जेवणाच्या ताटात आणखी एक वाटी मिळाली?

सहीह बुखारीत एक नोंद आहे. प्रेषित मुहम्मद (स.) घरी असताना काय करत, असे हजरत आयेशा (र.) यांना कोणी विचारले. ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत, असे त्यांनी सांगितले. हे आपल्याकडच्या बयानांमध्ये अनेकदा ऐकायला मिळते. स्वयंपाकघरात ते कमी दिसते.

विजेचा कुकर ही या बाबतीत चांगली संधी आहे, कारण त्याला हातगुण लागत नाही. निखारा किती, शिट्ट्या किती, हे पिढ्यान्‌पिढ्या बाईच्या हातात साठलेले ज्ञान होते आणि पुरुष त्याच्या आड सहज लपत असे: “मला जमत नाही.” आता तांदूळ धुऊन, पाणी मोजून, बटण दाबायचे आहे. बारा वर्षांच्या मुलालाही ते जमते. राखण यंत्राने घेतली. उरले ते भरणे, वाढणे, आणि रबर काढून भांडे घासणे. सहरीनंतर घरातले पुरुष फजरला निघतात, तेव्हा ते भांडे मोरीत पडलेले असते. ते आज कोणाच्या वाट्याचे, हे आपापल्या घरात आधीच ठरवून घ्यावे.